सिनेमातल्या विमानात दुसरा पायलट कुठे जातो?

करवीरकर

मंडळी, प्रभात कंपनी १९२९ मध्ये ज्या गावात उभी राहिली त्या गावात आज चित्रनगरी आहे, आणि कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर (दोन पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) उतरतंय. आज ना उद्या इथे कुणीतरी विमानाचा सिनेमा करायला घेणारच. त्याच्या हाताशी असावा म्हणून हा धागा. विमानातल्या संकटाचे प्रसंग पडद्यावर कुठे जमतात, कुठे फसतात आणि प्रत्यक्षात काय होतं, हे ज्यांना नीट ठाऊक आहे त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, माहिती द्या.

माझं म्हणणं आधी मांडतो. बटणं चुकली, भोंगे जास्त वाजले, तर चालवून घेता येतं. पण बहुतेक सिनेमांत एक चूक मुळातच असते. विमान एकटा माणूस चालवतो! कॅप्टन दातओठ खाऊन कंट्रोल ओढतोय आणि शेजारचा त्याच्या तोंडाकडे बघत बसलाय. प्रत्यक्षात एक 'पायलट फ्लाइंग' आणि दुसरा 'पायलट मॉनिटरिंग' ही वाटणी प्रत्येक उड्डाणाआधी ठरते आणि तिचा हुद्द्याशी संबंध नसतो. जाताना फर्स्ट ऑफिसरने उडवलं तर येताना कॅप्टन उडवतो. उडवणाऱ्याने दिशा, उंची आणि वेग सांभाळायचा. दुसऱ्याने रेडिओ, चाकांचा आणि फ्लॅपचा (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या, पंखामागच्या झडपांचा) लिव्हर, चेकलिस्ट बघायची आणि पहिल्याचं काही चुकत असेल तर ते मोठ्याने बोलून दाखवायचं. हे शेवटचं काम सिनेमात जवळपास कधीच दिसत नाही.

'सली' (२०१६) मध्ये ते बऱ्यापैकी उतरलंय. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एअरबस ए३२० सुटलं तेव्हा फर्स्ट ऑफिसर उडवत होता. पक्षी शिरून दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टनने 'माय एअरक्राफ्ट' म्हणत ताबा घेतला, दुसऱ्याने 'युअर एअरक्राफ्ट' म्हणत दिला आणि लगेच इंजिन परत चालू करायची चेकलिस्ट काढली. ती तीन पानी चेकलिस्ट २०,००० फुटांवरच्या बिघाडासाठी लिहिलेली, विमान ३,००० फुटांच्या आत आणि हातात २०८ सेकंद. ती पुरी होणं शक्यच नव्हतं. कॅप्टनने यादीत बरंच खाली असलेलं एक काम सुरुवातीलाच उरकलं: शेपटातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, चालू केलं. त्याने वीज टिकली आणि ए३२०ची कंट्रोल यंत्रणा शेवटपर्यंत नीट चालली. १५५ पैकी १५५ वाचले.

चौकशी करणाऱ्यांना मात्र सिनेमाने उगीच खलनायक केलं. पक्षी आपटताक्षणी वळलं तर सिम्युलेटरवर काही वेळा धावपट्टी गाठता आली, पण माणसाला परिस्थिती उमगायला लागणारी ३५ सेकंदं धरल्यावर जमलं नाही. ही ३५ सेकंदांची चाचणी चौकशी करणाऱ्यांनी स्वतःहून घेतली होती. पडद्यावर ती त्यांच्याकडून भांडून मिळवावी लागल्यासारखी दिसते.

शाहूपुरी चौथी गल्ली

भावा, विषय लई भारी काढलास. माझी शंका 'रनवे ३४' वरनं हाय. पाऊस, धावपट्टी दिसंना, आणि तेल संपत आलंय. मुळात एवढं कमी तेल घेऊन विमान सोडतातच कशाला? टाकी फुल्ल करून निघायला काय जातंय?

टॉवर ते टर्मिनल

कमी भरत नाहीत दादा, मोजून भरतात. जास्तीचं तेल वाहून न्यायलाही तेल जळतं, आणि वजन वाढलं की धावपट्टी जास्त लागते. उजळाईवाडीची धावपट्टी वाढवून १,९३० मीटर केली, ती समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी हवा विरळ झालेली असते. तिथे प्रत्येक शंभर किलोचा विचार करावा लागतो.

हैदराबाद–कोल्हापूर एटीआर ७२ धरून हिशेब सांगतो. समजण्यापुरते आकडे आहेत. खरे आकडे त्या दिवशीचा वारा, वजन आणि उंची बघून निघतात. ताशी ७०० किलो खर्च धरा. टॅक्सीला २० किलो. तासाभराच्या प्रवासाला ७००. अंदाज चुकला तर म्हणून प्रवासाच्या ५ टक्के, म्हणजे ३५. कोल्हापुरात उतरता आलं नाही तर बेळगाव गाठायला २५ मिनिटांचं २९०. आणि शेवटी ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढा 'फायनल रिझर्व्ह', सुमारे ३००. बेरीज १,३४५ किलो. जुलै-ऑगस्टात ढग खाली उतरलेले असतात म्हणून कॅप्टन यावर आणखी अर्ध्या तासाचं मागून घेतो, तो त्याचा अधिकार आहे.

यातल्या फायनल रिझर्व्हला हात लावायचा नसतो. ज्या विमानतळावर उतरायचं पक्कं झालंय तिथे आता थोडाही उशीर झाला तर रिझर्व्हमधलं वापरावं लागेल असं दिसलं की रेडिओवर 'मिनिमम फ्युएल' म्हणायचं. याने अग्रक्रम मिळत नाही, टॉवरला कल्पना येते. रिझर्व्हपेक्षा कमी तेलावर उतरणार हे हिशेबात निघालं की 'मेडे मेडे मेडे फ्युएल'. मग बाकीचे सगळे बाजूला.

हा सिनेमा ज्या घटनेवरून सुचला ती ऑगस्ट २०१५ मधली. दोहाहून कोचीला आलेलं बोइंग ७३७ तिथे उतरू शकलं नाही आणि तिरुवनंतपुरमला संपत आलेल्या तेलावर उतरलं. यातलं खरं नाट्य कॅप्टनच्या धाडसात नाही, 'आणखी एकदा प्रयत्न करू' या वाक्यात आहे. एक गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) आणि परत अप्रोच (उतरायला पुन्हा जवळ येणं) म्हणजे १० ते १५ मिनिटं गेली. दोन-तीनदा केलं की पर्यायी विमानतळासाठी ठेवलेलं तेल संपलं. म्हणून 'एवढे किलो उरले की निघायचं' हा आकडा दोघांनी आधी बोलून ठेवायचा आणि तो आला की मॉनिटरिंग करणाऱ्याने सांगायचं. पटकथेत हा आकडा पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षकाच्या कानावर घाला. पुढे प्रत्येक घिरटीला त्याच्या पोटात आपोआप गोळा येईल.

करवीरकरांच्या मुद्द्याला जोड देतो. २५ जानेवारी १९९०, अवियांका ५२, न्यूयॉर्क. तीन ठिकाणी मिळून ७७ मिनिटं घिरट्या घालायला लावल्या. कॅप्टनने फर्स्ट ऑफिसरला इमर्जन्सी कळवायला सांगितलं. त्याने रेडिओवर 'तेल संपत आलंय' एवढंच कळवलं, तेही दुसऱ्या बोलण्याच्या ओघात. इमर्जन्सी हा शब्द गेलाच नाही, त्यामुळे कंट्रोलरने त्यांना रांगेतलं एक विमान म्हणूनच वागवलं. ७३ जण गेले. दोघांच्या बोलण्यातली एवढीशी फट!

टर्बोप्रॉप ७२

एटीआरचा विषय निघालाच आहे तर सिनेमावाल्यांनी इंजिन फेल होण्याचा प्रसंग नीट समजून घ्यावा. पडद्यावर इंजिन पेटतं आणि कॅप्टन झटक्यात काहीतरी ओढून बंद करतो. ही घाई किती महागात पडते ते ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत दिसलं. ट्रान्सएशियाचं एटीआर ७२-६०० सुटल्यावर उजव्या इंजिनाचा पंखा यंत्रणेतल्या दोषामुळे आपोआप फेदर झाला, म्हणजे पाती हवेच्या दिशेला धारेवर वळली आणि ओढ गेली. कॅप्टनने चालू असलेल्या डाव्या इंजिनाची पॉवर कमी केली आणि पुढे तेच बंद केलं. चूक लक्षात आली तेव्हा उंची उरली नव्हती. ५८ पैकी ४३ गेले.

म्हणून पद्धत अशी आहे. ४०० फूट होईपर्यंत चाकं वर घेण्यापलीकडे कशाला हात लावायचा नाही, फक्त विमान सरळ ठेवायचं. त्यानंतर मॉनिटरिंग करणारा ज्या लिव्हरवर हात ठेवतो त्याचं नाव आणि क्रमांक बोलतो आणि उडवणारा बघून 'कन्फर्म' म्हणतो. तोवर लिव्हर हलत नाही. पॉवर लिव्हर मागे, मग कंडिशन लिव्हर (पंखा फेदर करणारा आणि तेल बंद करणारा) फेदरला, मग तेल बंद. आग असेल तर फायर हँडल ओढायचं, १० सेकंद थांबायचं, पहिली बाटली सोडायची. ३० सेकंदांनी दिवा अजून लाल असेल तर दुसरी. ए३२०ला बटणं वेगळी असली तरी १० आणि ३० हे आकडे तेच. ते १० सेकंद दोन माणसं घड्याळाकडे बघत गप्प बसतात, हे एकाही दिग्दर्शकाने वापरलेलं मला माहीत नाही.

पोखरा, १५ जानेवारी २०२३. एटीआर ७२-५००, सगळे ७२ गेले. इंजिनं धडधाकट होती. उडवणाऱ्या कॅप्टनने फ्लॅप ३० मागितले आणि फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले. दोन्ही पंखे हवा कापायचे थांबले. लिव्हर हलवल्यावर फ्लॅपचा काटा हलला की नाही हे बघायचं असतं, ते राहिलं.

बिंदू चौक

याच ओळीत मंगळूर येतं. २२ मे २०१०, १५८ मृत्यू, ८ जण वाचले. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त झोपला होता. उतरताना विमान खूप उंच आणि वेगात होतं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा 'गो अराउंड' म्हटलं. विमान ८,००० फुटांच्या धावपट्टीवर साधारण ५,२०० फूट आत जाऊन टेकलं आणि टेबलटॉपच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या, कडेवरून खाली गेलं.

नियम असा आहे की ढगात असाल तर १,००० फुटांवर आणि उघड्या आकाशात ५०० फुटांवर विमान 'स्टेबल' हवं: वेग ठरलेल्या मर्यादेत, चाकं खाली, फ्लॅप शेवटच्या स्थितीत, खाली येण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत. यातलं एक जरी नसेल तर गो-अराउंड, चर्चा नाही. कुणीही म्हणो, कॅप्टन किंवा फर्स्ट ऑफिसर. सिनेमात गो-अराउंड म्हणजे नामुष्की असल्यासारखं दाखवतात. ते पाहून खरा प्रवासीही घाबरतो आणि उतरल्यावर पायलटला नावं ठेवतो. विमान परत वर गेलं याचा अर्थ समोरच्या दोघांनी काम चोख केलं, हे एका तरी सिनेमाने स्वच्छ सांगावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मंगळवार पेठ

सगळं मान्य. पण अडीच तासांच्या सिनेमात चेकलिस्ट वाचताना कोण बघणार? नाट्य पाहिजेच की.

टॉवर ते टर्मिनल

नाट्य कुणी काढून घेत नाही. २१ सप्टेंबर २००५ चं जेटब्लू २९२ घ्या. ए३२०चं पुढचं चाक ९० अंश वळून अडकलं. सिनेमात अशा वेळी हवेत तेल सोडून देतात. पण ए३२०, ७३७ किंवा एटीआरला तेल हवेत सोडायची सोयच नसते. ती ७४७, ७७७ सारख्या मोठ्या विमानांना असते. त्यामुळे तेल जाळायला सुमारे तीन तास घिरट्या घातल्या. सीटसमोरच्या टीव्हीवर प्रवासी स्वतःच्याच विमानाची बातमी बघत होते. उतरताना नाक शक्य तेवढा वेळ उचलून धरलं, मग टायर फाटले, रिम घासून ठिणग्या उडाल्या आणि विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर थांबलं. कुणाला काही झालं नाही. त्या तीन तासांत नाट्य नाही असं कोण म्हणेल?

केबिन कट्टा

आता मागच्या बाजूचं लिहिते, कारण पायलटांपेक्षा केबिन क्रूवर सिनेमा जास्त अन्याय करतो. किंचाळायला आणि पडायला तेवढी एअरहोस्टेस लागते.

हवेचा दाब जाण्याचा प्रसंग घ्या. पडद्यावर भोक पडतं आणि पाच मिनिटं माणसं, बॅगा उडत बाहेर जातात. खरं तर मोठा धमाका, क्षणात पसरणारं दाट धुकं, कडाक्याची थंडी, आणि काही सेकंदांत वारा शांत. केबिनमधला दाब १४,००० फुटांवर असतो तेवढा कमी झाला की मास्क आपोआप खाली येतात. नुसता लोंबता मास्क तोंडाला लावून चालत नाही, तो ओढावा लागतो. ओढल्यावर वरच्या डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होते आणि १२ ते १५ मिनिटं ऑक्सिजन मिळतो. डबा तापतो, जळकट वास येतो, पिशवी फुगेलच असं नाही. वासाने घाबरून मास्क काढणारे प्रवासी दाखवले तर ते अगदी खरं वाटेल. ३५,००० फुटांवर माणूस शुद्धीत काम करू शकतो तो वेळ ३० ते ६० सेकंद. म्हणून आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा.

पुढे दोघे पायलट ५ सेकंदांत एका हाताने मास्क चढवतात आणि त्यातल्या माइकवर बोलतात. सिनेमात नायकाचा चेहरा झाकला जाईल म्हणून हे गाळतात. मग १०,००० फुटांपर्यंत झपाट्याने खाली. चार-पाच मिनिटं लागतात. नाक खाली असतं, पण विमान दगडासारखं उभं पडत नाही.

आणि भोक पडावंच लागतं असंही नाही. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओस ५२२ मध्ये दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. भोंगा वाजला, पण तोच भोंगा टेकऑफच्या वेळच्या दुसऱ्या चुकीलाही वाजतो, आणि पायलटांनी तीच समजूत करून घेतली. विमान चढत राहिलं, जवळजवळ सगळे बेशुद्ध झाले, तेल संपल्यावर ग्रीसमध्ये कोसळलं. १२१ जण गेले. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई–जयपूर विमानात हवेचे स्विच राहून गेले, मास्क पडले, प्रवाशांच्या नाकाकानातून रक्त आलं. सुदैवाने विमान लगेच परत फिरलं.

उडत्या विमानाचा दरवाजा उघडण्याची मारामारी तर कृपा करून बंद करा. उंचीवर आतला दाब दर चौरस इंचाला साधारण ८ पौंडाने जास्त असतो, म्हणजे दरवाज्यावर काही टनांचा भार. दरवाजा आधी आत घ्यावा लागतो, तो हलणारच नाही. हां, जमिनीजवळ दाब सारखा झाल्यावर गोष्ट वेगळी. मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात उतरताना सुमारे ७०० फुटांवर एका प्रवाशाने ए३२१चा दरवाजा उघडला होता. विमान तसंच सुखरूप उतरलं.

'नीरजा' पाहून पायलट पळून गेले म्हणून अजून लोक बोलतात. ५ सप्टेंबर १९८६, कराची. क्रूचा इशारा मिळताच ७४७च्या वरच्या मजल्यावरच्या कॉकपिटमधून पायलट छतातल्या झडपेने बाहेर पडले, आणि अपहरणाच्या वेळी तसंच करायचं होतं. पायलट नसेल तर विमान उडत नाही आणि अपहरणकर्ते जमिनीवर अडकतात. तो निर्णय आणि आत राहिलेल्या क्रूचं धैर्य, दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

बाहेर काढण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर २ जानेवारी २०२४ चं टोकियो हानेडा अभ्यासा. ए३५०, ३७९ माणसं, ८ पैकी फक्त ३ दरवाजे वापरण्याजोगे, घोषणेची यंत्रणा बंद. क्रूने मेगाफोन आणि स्वतःच्या आवाजावर सगळ्यांना बाहेर काढलं. दरवाजा उघडण्याआधी खिडकीतून बाहेर आग आहे का ते बघायचं, असेल तर दरवाजा अडवून लोकांना दुसरीकडे वळवायचं. बॅगा सोडायला लावायच्या. या कामाला हिरो म्हणा.

ग्रीस गन

ताईंनी चांगलं लिहिलंय. माझा विषय हँगर. सिनेमात बिघाड नेहमी वीज पडून किंवा बॉम्बने होतो. वीज पडून सहसा काही मोठं होत नाही. ती विमानाच्या धातूच्या कातड्यावरून एका टोकाला शिरते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. खरे बिघाड बारीक आणि कंटाळवाणे असतात.

१० जून १९९०, ब्रिटिश एअरवेज ५३९०, बीएसी वन-इलेव्हन. निघण्याच्या साधारण २७ तास आधी, रात्रपाळीत, कॉकपिटची समोरची काच बदलली होती. ९० बोल्ट लावले, त्यातले ८४ हव्या त्या व्यासापेक्षा साधारण ०.६६ मिलिमीटरने बारीक. जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते, पार्ट नंबर ताडून नाही. १७,००० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले, फर्स्ट ऑफिसरने साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगला. पडद्यावर हे कुणी दाखवलं तर लोक अतिशयोक्ती म्हणतील.

'फ्लाइट' (२०१२) मधलं उलटं विमान अलास्का एअरलाइन्स २६१ वरून सुचलेलं दिसतं. ३१ जानेवारी २०००, एमडी-८३, ८८ मृत्यू. शेपटाचा आडवा पंख वरखाली करणारा जाडजूड स्क्रू असतो आणि त्यावर चालणारा नट. ग्रीस नीट न मिळाल्याने नटाचे आटे झिजून पार गेले. विमान खरंच उलटं झालं होतं आणि पायलट त्या अवस्थेतही ते सावरायला धडपडले, पण ते वाचण्याची युक्ती म्हणून केलेलं नव्हतं. प्रवासी विमानाची तेलाची आणि ऑइलची व्यवस्था उलटं उडायला बनवलेलीच नसते. सिनेमात पुढे पायलटचं दारूचं प्रकरण येतं. मला विचाराल तर त्या न पोचलेल्या ग्रीसवर, तपासणीची मुदत वाढवत नेण्यावर एक अख्खा सिनेमा होईल, आणि तो आपल्या गावात जास्त चांगला होईल. शिरोली-गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपात आटे म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

शाहूपुरी चौथी गल्ली

आणि ती 'पुल अप, पुल अप' ओरडणारी बाई? स्टॉल झालं की तीच वरडती न्हवं?

रंकाळा वारा

नाही. 'पुल अप' हा जमीन जवळ आल्याचा इशारा. स्टॉलचा इशारा वेगळा, आणि त्यावर करायचं नेमकं उलट. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख हवेशी फार मोठा कोन करून उभा राहिला की हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल जाते. उपाय एकच: आधी नाक खाली, पंख सरळ, मग पॉवर, मग हलकेच वर. सिनेमात नायक ओढतच राहतो आणि वाचतो.

ओढत राहिल्यावर काय होतं ते १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ मध्ये झालं. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटला. उडवणाऱ्याने स्टिक मागे ओढली. एअरबसच्या दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्याला त्याचा हात काय करतोय हे कळलं नाही. ३८,००० फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात, बहुतेक वेळ नाक वर. २२८ जण. पुन्हा तेच, दोन माणसांमधलं न झालेलं बोलणं.

दोन्ही इंजिनं गेली तरी विमान धपकन पडत नाही. २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं ए३३० तेल गळून रिकामं झालं आणि सुमारे १२० किलोमीटर तरंगत अझोरेसला उतरलं, सगळे ३०६ वाचले. जेट साधारण एक किलोमीटर खाली येताना १७ किलोमीटर पुढे जातं. कोल्हापूरच्या डोक्यावर ३५,००० फुटांवर, म्हणजे पावणेअकरा किलोमीटरवर इंजिनं गेली तर वारा नसताना जवळजवळ १८० किलोमीटर हाताशी आहेत. बेळगाव सरळ रेषेत शंभरच्या आत, आरामात. दाबोळी दीडशे, कागदावर जमतं, पण वळायला आणि उंची जुळवायला काही उरत नाही. पुणे दोनशेच्या पुढे, नाही. हा हिशेब दोन पायलट नकाशावर बोट ठेवून करताना दाखवा.

करवीरकर

सगळ्यांचं वाचून एक प्रसंग बांधून बघतो, चुका काढा. उजळाईवाडी, पाऊस, एटीआर धावपट्टीवर. फर्स्ट ऑफिसर उडवतेय. कॅप्टन 'व्ही-वन' म्हणतो आणि त्याच क्षणी डावं इंजिन जातं. विमान डावीकडे खेचलं जातं. कॅप्टन लिव्हरकडे हात नेतो, मेडे देतो, विमान लगेच वळून परत कोल्हापूरला उतरतं.

टर्बोप्रॉप ७२

पाया चांगला आहे. चार दुरुस्त्या.

पहिली, 'व्ही-वन' म्हणताच कॅप्टनचा हात पॉवर लिव्हरवरून निघालेला हवा. तो हात उचलणं म्हणजे आता थांबायचं नाही, उडायचंच. कॅमेरा तिथेच लावा.

दुसरी, हाताबरोबर पाय दाखवा. डावं इंजिन गेलं की उजवा रडर (शेपटातली उभी झडप वळवणारं पेडल) दाबावा लागतो आणि रडर ट्रिम (पायावरचा भार काढणारी सोय) लावेपर्यंत तिची मांडी त्या भाराखाली थरथरते. संवाद एवढाच: 'इंजिन फेल्युअर', 'पॉझिटिव्ह रेट' (विमान नक्की चढतंय), 'गिअर अप' (चाकं वर). ४०० फुटांपर्यंत बाकी शांतता. पंखा फेदर करायचं आणि दुसऱ्या इंजिनाची पॉवर वाढवायचं काम एटीआर स्वतः करतं. कॅप्टनने ते झालं का ते बघून सांगायचं.

तिसरी, मेडे शेवटी. आधी विमान, मग मार्ग, मग बोलणं. 'मेडे मेडे मेडे, कोल्हापूर टॉवर, करवीर तीन-दोन-एक, लेफ्ट इंजिन फेल्युअर, क्लाइंबिंग रनवे हेडिंग, स्टँड बाय.' टॉवर मग माणसं किती आणि तेल किती वेळाचं ते विचारतो. उत्तर द्यायला वेळ नसेल तर 'स्टँड बाय' म्हणायचा पायलटला पूर्ण हक्क आहे.

चौथी, लगेच वळून परत येत नाहीत. एटीआर एका इंजिनावर व्यवस्थित चढतं. सुरक्षित उंचीवर जायचं, चेकलिस्ट पुरी करायची, मग ठरवायचं: कोल्हापुरात ढग किती खाली आहेत, बेळगावला हवा कशी आहे, कुठली धावपट्टी जास्त लांब. कॅप्टन केबिन क्रूला बोलावून चार गोष्टी सांगतो: काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, विशेष सूचना काय. ती त्या चारही परत म्हणून दाखवते. मागच्या बिनसंवादी एअरहोस्टेसला तिथे वाक्यं मिळतील, केबिन कट्टा ताई बघतीलच.

आणि व्हीएफएक्सवाल्यांना सांगा, आजच्या एटीआर ७२-६००च्या पंख्याला सहा पाती आहेत. बंद पडलेल्या बाजूला ती गरगर फिरवत ठेवू नका. पाती धारेवर वळून हवेच्या दिशेला येतात, पंखा थांबतो किंवा अगदी सावकाश फिरतो. खिडकीतल्या प्रवाशाला प्रत्येक पातं वेगळं मोजता आलं पाहिजे.